पुष्पाला हलवायचं नाही

आमच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस टँकसमोर उभा राहतो आणि ठरलेले तीन प्रश्न विचारतो. पहिला, 'हे झाड आहे का?' दुसरा, 'नीमो कुठाय?' आणि तिसरा, जो फक्त आपल्याकडचा पट्टीचा मासेखाऊच विचारू शकतो, 'खातात का हे?'

तर उत्तरं अशी. झाड नाही, प्राणी आहे. नीमो तो काय, त्याच प्राण्याच्या अंगावर लोळतोय. आणि दक्षिण स्पेनमध्ये याच्या एका जातीला पिठात घोळवून चक्क तळतात, पण आमचं खायचं नाही. आमचं नाव पुष्पा आहे.

इंग्रजीत सी अ‍ॅनिमोनी, मराठीत समुद्रपुष्प. हा शब्द मी सासूबाईंना मोठ्या अभिमानाने ऐकवला, तर त्या म्हणाल्या, 'म्हणजे पुष्पाच की!' झालं, बारसं तिथेच उरकलं. दुकानदारांच्या भाषेत ती 'बबल टिप', कारण तिच्या बोटांची टोकं कधी कधी फुग्यासारखी गोल होतात. शास्त्रीय नाव एन्टाक्मिया क्वाड्रिकलर. घरी पाळायच्या समुद्रपुष्पांमधली ही सगळ्यात सोशिक, असं म्हणतात. सोशिक या शब्दाचा अर्थ मला पुढे कळला.

पुष्पाचा बायोडेटा छोटा आहे. जेलीफिश आणि प्रवाळ यांची ही चुलत बहीण. मेंदू नाही, डोळे नाहीत, हृदय नाही, हाडं नाहीत. एक पाय, त्यावर खोड, वर गोल चकतीच्या मधोमध एक तोंड आणि भोवती शुंडकांचा घोळका. आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता एकच. (यावर जास्त बोलत नाही, तुम्ही कदाचित लंच अवरमध्ये वाचत असाल.) शुंडकांवर असंख्य दंशपेशी असतात. स्पर्श झाला की त्यातून सूक्ष्म काटा सुटतो. आपल्या बोटाला ते नुसतं चिकट लागतं, पण छोट्या कोळंबीचा कारभार तिथेच आटोपतो. क्लाऊनफिश वाचतो तो अंगावरच्या बुळबुळीत आवरणामुळे. बाकी मासे तिच्या वाटेला जात नाहीत.

मेंदू नाही, पण मत आहे. ते मत एकाच विषयावर आहे: मला हलवायचं नाही.

पुष्पा मुलुंडहून आली. तिथे एक काका राहतात. आयुष्यभर जहाजावर इंजिनीअर होते, रिटायर झाल्यावर समुद्र सोडवेना म्हणून हॉलमध्ये सहा फुटी टँक लावला. त्यांच्याकडची मूळ बबल टिप १४ वर्षांची आहे. या जातीची एक गंमत म्हणजे ती मनात आलं की स्वत:चे दोन भाग करते. दोन्ही भाग पूर्ण अ‍ॅनिमोनी होतात. काका हे भाग विकत नाहीत, देतात. पण देण्याआधी जो इण्टरव्ह्यू घेतात त्यापुढे माझ्या नोकरीचे सगळे इण्टरव्ह्यू किरकोळ होते.

'टँक कधी लावलास?'

'दोन महिने झाले, काका.'

'मग दिवाळीनंतर ये.'

तेव्हा होळी नुकतीच झाली होती! मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. नवा टँक म्हणजे नुकतं विरजण लावलेलं दूध. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू दगडांवर, वाळूत हळूहळू वस्ती करतात. महिन्या-दीड महिन्यात टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसायला लागतो आणि दुकानदार सांगतो, 'हो गया मॅडम, अब कुछ भी डालो.' मासे टाका हवं तर. अ‍ॅनिमोनी नाही. तिला किमान सहा महिने, खरं तर वर्षभर मुरलेला टँक लागतो. त्याच्या आधी आणलेली बरीचशी अ‍ॅनिमोनी हळूहळू लहान होत जातात आणि मालकाला कळतच नाही काय झालं.

मधल्या आठ महिन्यांत मी काकांना दर रविवारी आकडे पाठवायचे. क्षारता हजारात ३५ भाग, म्हणजे हायड्रोमीटरच्या भाषेत १.०२५. तापमान २५ ते २६ अंश. पीएच ८.१ ते ८.४ च्या मध्ये. नायट्रेट १० च्या खाली. आकडे पुस्तकाबरहुकूम आले की मी खूश! पण काकांचं उत्तर कायम एकच. 'आकडा बरोबर आहे गं. मागच्या आठवड्यात किती होता?'

ही खरी गोम. समुद्र इतका मोठा आहे की त्याला चढउतार माहीत नाही. प्रवाळांच्या समुद्रात खारटपणा आज आणि उद्यात फारसा बदलत नाही. माझ्या तीन फुटी टँकमध्ये जेमतेम १८० लिटर पाणी. एका दुपारी पंखा जोरात ठेवला तरी त्यात फरक पडतो.

हे स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. आमटी आटली की खारट होते. मग आपण काय करतो? साधं पाणी घालतो, मिठाचं नाही. टँकचं तेच. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज जेवढं पाणी कमी झालं तेवढं गोडं पाणी घालायचं, तेही आरओ-डीआय म्हणजे सगळे क्षार आणि क्लोरीन काढलेलं. ठाण्याच्या मे महिन्यात दिवसाला दोन-अडीच लिटर उडायचं, जुलैत हवा ओली झाली की त्याच्या निम्मं. शेवटी आम्ही पातळी कमी झाली की आपोआप पाणी सोडणारा छोटा पंप बसवला आणि मगच अलिबागला वीकेण्डला गेलो.

'समुद्र एवढा जवळ आहे, बादलीभर पाणी का नाही आणत?' हा प्रश्न तर माझ्या ऑफिसला जाणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीने विचारलाय. बाई गं, आपल्या खाडीत काय काय येऊन पडतं ते तू रोज ट्रेनमधून बघतेस ना! म्हणून पाणी घरी बनवायचं. मीठ घरातलं नाही. घरातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड आणि वर आयोडीन. समुद्रात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बरंच काही आहे. त्याचं तयार मिश्रण बादलीतून मिळतं. आठवड्याला १८ लिटर पाणी बदलायचं म्हणजे साधारण ६५० ग्रॅम मीठ. नवऱ्याने एकदा वर्षाचा हिशेब काढायला घेतला होता. मी कॅल्क्युलेटर काढून घेतला.

तापमानाबद्दल एवढंच की अ‍ॅनिमोनीच्या अंगात, पेशींमध्ये, सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि घरभाडं म्हणून त्यातलं बरंचसं तिला देतं. पाणी बराच काळ दोन-तीन अंश जास्त तापलं की ही जोडी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि अ‍ॅनिमोनी पांढरी पडते. प्रवाळांचंही हेच होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले ते समुद्राच्या पाण्यात महिनोन्महिने राहिलेल्या उष्णतेच्या लाटेमुळे. ती बातमी वाचली तेव्हा आमच्या हॉलमध्ये चिलर घरघरत होता. मी त्याच्याकडे जरा वेळ बघत बसले.

पांढऱ्यावरून आठवलं. दुकानात एकदम पांढरीशुभ्र, टोकं जांभळी अशी अ‍ॅनिमोनी दिसली तर 'वॉव' म्हणू नका. ती बहुतेक वेळा शैवाल गेलेली, उपाशी असते. मुंबईतल्या एका दुकानात मी लिंबासारखी पिवळीधम्मक अ‍ॅनिमोनी बघितली आहे. दुकानदार म्हणाला, 'रेअर पीस है.' रेअर कसली, रंगवलेली होती. आधी शैवाल गेलं, मग वर डाय. घरी नेणारा हौसेने नेतो, आठवड्याभरात डाय उतरतो आणि खाली काही उरलेलं नसतं. विकत घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी बघा: तोंड घट्ट मिटलेलं हवं, पाय काचेला किंवा दगडाला चिकटलेला हवा आणि शुंडकं चिकट हवीत. पाण्यावर तरंगणारी, तोंड वासलेली कितीही स्वस्तात मिळाली तरी नको.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, 'वेव्हमेकरला जाळी लावलीस त्याचा फोटो पाठव.' टँकमध्ये पाणी फिरवणारा पंखा असतो. भटकणारी अ‍ॅनिमोनी रात्रीची त्याच्यापर्यंत पोहोचली तर सकाळी टँकमध्ये तिचा कीस पडलेला असतो आणि कुजणारा कीस उरलेल्या माशांनाही घेऊन जातो. फोटो पाठवला. मग पुढचं, घरात तांब्याची भांडी आहेत का? आहेत, सासूबाईंची कळशी. 'टँकच्या पाण्याला ती लागता कामा नये.' तांबं माशांच्या बऱ्याच औषधांत असतं, माशाला बरं करतं आणि अ‍ॅनिमोनीला मारतं. मासा आजारी पडलाच तर त्याचा दवाखाना वेगळ्या टँकमध्ये. पेस्ट कंट्रोलवाल्याला हॉलमध्ये प्रवेश बंद. सासूबाई म्हणाल्या, 'एवढे नियम मी बाळंतिणीला पण लावले नव्हते.'

आली एकदाची! डब्यातलं पाणी आणि टँकचं पाणी दीड तास थेंब थेंब करत एक केलं, वेव्हमेकर बंद केला आणि तिला मधल्या सपाट दगडावर अलगद ठेवलं. नवऱ्याने जागा आधीच ठरवली होती, बरोब्बर मध्ये, सोफ्यावरून दिसेल अशी. फोटो सुंदर आला असता. सकाळी उठून बघतो तर बाई गायब! मागच्या दगडाखाली होत्या. दुसऱ्या दिवशी काचेवर. तिसऱ्या दिवशी पुन्हा दगडाखाली. ती पायाच्या तळव्यावर सरकत सरकत फिरते, इतकी हळू की चालताना कधी दिसत नाही, पोहोचलेली दिसते. नवरा तिला पुन्हा मध्ये ठेवायला निघाला होता. काकांना फोन लावला.

'हात लावू नका. भाडं ती भरत नाही, पण खोली तीच निवडणार.'

पाचव्या दिवशी तिने निवडली. डाव्या कोपऱ्यातल्या दगडाची एक खाच. पाय आत अंधारात, सुरक्षित. तोंड बाहेर उजेडात, पाणी मध्यम वाहतंय. सोफ्यावरून अजिबात न दिसणारी जागा. मग आम्ही सोफा हलवला.

त्यानंतरची देखभाल म्हणजे मुख्यत: काही न करणं. आपल्या पिढीला हे भयंकर जड जातं! आम्हाला काहीतरी अपग्रेड करायचं असतं, अपडेट करायचं असतं, निदान रिफ्रेश तरी मारायचं असतं. एलईडी एकदम वाढवायचे नाहीत, ते आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे. जागा बदलायची नाही. रोज खायला घालायचं नाही. आठवड्यातून एकदा कच्च्या कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा चिमट्याने शुंडकांजवळ न्यायचा. पकड घट्ट बसते, मग अगदी सावकाश, लग्नाच्या पंगतीत आजोबा जेवतात तसं, ती तो तोंडाकडे नेते. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेला परत येतो आणि पाणी बिघडवतो. श्रावणात आमच्याकडे घरात काही शिजत नाही. फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात पुष्पाची डबी तेवढी असते. सासूबाईंनी तिला सूट दिली आहे. 'तिचा धर्मच तो,' म्हणतात.

एका रात्री अकरा वाजता ती आक्रसायला लागली. बघता बघता हवा गेलेल्या फुग्यासारखी, काळपट, सुरकुतलेली. माझी डेडलाइन डोक्यावर होती, ती सोडून मी टँकसमोर जमिनीवर बसले. नवऱ्याने नेटवर शोधलं, नेटने अर्थातच मरण सांगितलं. काकांना उठवलं.

'तोंड?'

'बंद आहे.'

'पाय?'

'चिकटलेला आहे.'

'वास?'

'नाही.'

'मग संडासला गेलीय ती. तुम्ही पण झोपा.'

खरंच, शरीरातलं जुनं पाणी, घाण बाहेर टाकून नवं पाणी भरायला ती अधूनमधून अशी मिटते. सकाळी ताटलीएवढी फुलली होती. मेलेल्या अ‍ॅनिमोनीबद्दल शंका राहत नाही म्हणतात, पाय सुटतो, अंग विरघळल्यासारखं होतं आणि असा वास येतो की शेजारी बेल वाजवतात. तोपर्यंत थांबायचं नाही, काढून टाकायचं. पण नुसत्या आक्रसण्याला घाबरून तिला उचकटायचंही नाही. तळवा फाटला तर त्यातून संसर्ग होतो आणि चांगली अ‍ॅनिमोनी जाते.

वीज ही आणखी एक गोष्ट. वीज गेल्यावर पहिला धोका असतो तो पाणी स्थिर होऊन ऑक्सिजन संपण्याचा. इन्व्हर्टरवर आमचा टीव्ही नाही, वेव्हमेकर आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली तेव्हा काका पातेल्याने पाणी उचलून वरून ओतत बसले होते. ते म्हणतात, 'जहाजावर पण इतकं काम केलं नाही.'

मागच्या जानेवारीत एका रविवारी मी कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीला गेले होते. २०१७ साली सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमामुळे आपल्या किनाऱ्यावरही बघण्यासारखं काही आहे हे बऱ्याच मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं. मीही त्यातलीच. खडकाच्या खळग्यात, वडापावच्या कागदापासून वीतभर अंतरावर, समुद्रपुष्पं होती! काही पाण्यात उघडलेली, काही ओहोटीत उघडी पडून जेलीच्या बटणासारखी मिटलेली. ऊन, पाऊस, सांडपाणी, भरतीचा मार, दिवसातून दोनदा कोरडं पडणं. या जाती हे सगळं सोसतात. आणि माझी पुष्पा दोन अंशांनी रुसते. माझ्या पुढचा एक मुलगा बोटाने एक बटण खरवडायला लागला, 'मम्मा, घरी नेऊ?' आमच्याबरोबरच्या मार्गदर्शक मुलीने त्याचा हात अलगद मागे घेतला आणि म्हणाली, 'हे तिचं घर आहे ना.'

हे 'घरी नेऊ?' फार जुनं आहे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यालय उघडलं आणि इंग्लंडमध्ये टँकची लाटच आली. फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्गतज्ज्ञाने समुद्रकिनाऱ्यावर आणि अ‍ॅनिमोनींवर सुंदर पुस्तकं लिहिली. ती वाचून लोक बादल्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर धावले. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आपल्या 'फादर अँड सन' या आठवणींत लिहून ठेवलंय की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेले ते भरलेले खळगे या हौशी मंडळींनी रिकामे केले, आणि वडिलांना हे कळल्यावर त्यांना फार लागलं.

मला ही गोष्ट अस्वस्थ करते, कारण मीही अशाच पानावर लिहितेय आणि तुमच्यातलं कुणीतरी उद्या दुकानात जाईल. म्हणून स्पष्ट सांगते. दुकानातली मोठी कार्पेट अ‍ॅनिमोनी, लांब केसांची मॅग्निफिका, ही बहुतेक समुद्रातून उचललेली असतात. हजाराहून जास्त जातींपैकी साधारण दहाच जातींत क्लाऊनफिश राहतात, आणि मागणी नेमकी त्यांनाच. 'फाइंडिंग नीमो' २००३ मध्ये आला, तेव्हापासून सगळ्यांना मासा आणि त्याचं घर असा सेट हवा असतो. पण टँकमध्ये क्लाऊनफिशला अ‍ॅनिमोनीची गरज नसते. तिच्याशिवाय तो सुखाने जगतो. शिवाय तो कृत्रिमरीत्या पैदास केलेला मिळतो, आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र केव्हाच बसवलंय. अ‍ॅनिमोनी हवीच असेल तर बबल टिप, आणि तीही कुणाच्या तरी टँकमध्ये दुभंगलेली. वाट बघावी लागली तर बघायची.

आणि ती किती जगणार, हा हिशेब आधी करायचा. सर जॉन डेल्येल या स्कॉटिश गृहस्थाने १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक साधी लालसर अ‍ॅनिमोनी आणली आणि काचेच्या बरणीत ठेवली. ना चिलर, ना पंप, फक्त समुद्राचं ताजं पाणी, पुन्हा पुन्हा बदललेलं. डेल्येल १८५१ मध्ये गेले. अ‍ॅनिमोनी राहिली. ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, तिला शेकडो पिल्लं झाली, लोक तिला 'ग्रॅनी' म्हणायला लागले. ती १८८७ मध्ये गेली. एडिंबरात ५९ वर्षं, सांभाळणारी माणसं बदलत.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. ते ७१ वर्षांचे आहेत. मुलगा कॅनडात, सून तिकडचीच. 'माझ्यानंतर हा सहा फुटी टँक कोणी ठेवणार नाही,' ते म्हणाले, 'ते ठीक आहे. पण हिचे भाग पाच-सहा घरांत असले म्हणजे झालं.' इण्टरव्ह्यू एवढा कडक का होता, ते मला तेव्हा समजलं.

आणि नेमकं त्याच वर्षी आमचं लीव्ह अँड लायसन्स संपलं. घरमालकांना घर मुलासाठी हवं होतं. त्याच महिन्यात नवऱ्याची हिंजवडीला बदली झाली. ठाणे ते पुणे, मे महिना, आणि एक प्राणी ज्याचं आयुष्यातलं एकमेव म्हणणं 'मला हलवू नका' हे आहे. नवरा म्हणाला, 'काकांकडे परत देऊ.' बोलला खरा, पण माझ्याकडे न बघता. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, 'दे की, जागा आहे. पण एक विचारू? पुण्याला जाऊन तुम्ही टँक परत लावणार आहात?' हो. 'मग घरातलं माणूस नेतात तसं न्या.'

पुण्यात घर शोधताना आमचे प्रश्न ऐकून ब्रोकर चक्रावला. पार्किंग, जिम, व्ह्यू काही नाही. इन्व्हर्टर चालेल का? पश्चिमेचं ऊन हॉलमध्ये येतं का? काच, दगड, पाणी मिळून अडीचशे किलो होतात, ते कुठल्या भिंतीशी ठेवता येतील? 'पेट अलाउड नाही हां मॅडम,' तो म्हणाला. मासे? 'मासे चालतात. भुंकत नाहीत.'

पॅकर्स अँड मूव्हर्सवाल्यांनी पाणी न्यायला साफ नकार दिला, बरोबरच आहे. म्हणून पुष्पा आमच्याबरोबर गाडीत. दोन दिवस आधी खाणं बंद, म्हणजे वाटेत उलटी नको. तिला दगडावरून सोडवायचं नाही, दगडासकट उचलायचं. तो दगड सुटा होता, काकांनीच सुरुवातीला तसा रचायला लावला होता, हा माणूस किती पुढचं बघतो! दगड झाकणाच्या बादलीत, टँकच्याच पाण्यात. बादली थर्माकोलच्या खोक्यात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. क्लाऊनफिशची जोडी वेगळ्या डब्यात. बाकीचे दगड ओल्या टॉवेलांत गुंडाळून क्रेटमध्ये, म्हणजे त्यावरचे जिवाणू मरायला नकोत. जुनी वाळू फेकली, कारण ती ढवळली की वर्षाची घाण एकदम पाण्यात येते. ६० लिटर जुनं पाणी कॅनमध्ये, बाकीचं नवं पाणी पुण्यात आदल्या दिवशीच कालवून, गरम-थंड जुळवून तयार.

पहाटे पाचला निघालो. खालापूरला चहाला थांबलो, एक जण गाडीत, एक जण बाहेर, एसी चालू. पंपाची घरघर ऐकून शेजारच्या गाडीतल्या काकूंनी आत डोकावून विचारलं, 'ताजे दिसतायत. कुठून घेतले?' नवरा गंभीरपणे म्हणाला, 'मुलुंड.'

दुपारी दोनला दगड नव्या जागी, पण जुन्याच बाजूला, जुन्याच उजेडात बसवला. दिवे निम्म्यावर ठेवले. आणि मग काहीच नाही. ती मुठीएवढी होऊन खाचेत गेली ती गेलीच. घरात खोकी उघडायची होती, गॅस सुरू करायचा होता, बाई शोधायची होती. आम्ही रोज अमोनिया मोजत होतो. रोज रात्री नऊला मुलुंडहून फोन यायचा. कसं आहे नवं घर, पाणी येतं का, असं काही नाही.

'तोंड?'

'बंद.'

'पाय?'

'चिकटलेला.'

'वास?'

'नाही.'

'बरं.' आणि फोन बंद.

नऊ रात्री. सातव्या रात्री काका 'बरं' म्हणाले नाहीत, नुसतं 'हं' म्हणाले. मी नवऱ्याला ते सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी नव्या किचनमध्ये चहाचा डबा शोधत होते. नवरा हॉलमधून काही न बोलता आला आणि माझा हात धरून घेऊन गेला. खाचेतून चार शुंडकं बाहेर आली होती. संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस. क्लाऊनफिशमधली मोठी, ती मादी असते, पहिल्यांदा जवळ गेली, अंग घासलं, मागे आली, पुन्हा गेली. नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. सासूबाईंनी नारळाचं चिन्ह पाठवलं.

ऑगस्टमध्ये ती लांबट दिसायला लागली. वर्तुळाची लंबगोल झाली, मग मधून चिमटल्यासारखी, तळवा दोन्ही बाजूंना ताणलेला. तीन दिवसांनी त्या दगडावर दोघी होत्या, फाटलेल्या कडा आत वळवून बसलेल्या. दोन आठवड्यांत दोघींची तोंडं गोल झाली. आता यातली पुष्पा कोणती, हे विचारू नका. दोन्ही.

काका म्हणाले, 'अभिनंदन. आता तुझी पंचाईत.'

ती लवकरच झाली. नवऱ्याच्या ऑफिसमधला एक मुलगा, पंचविशीतला, गेल्या महिन्यात घरी आला. टँक पाच महिन्यांपूर्वी लावलाय, म्हणाला. लाइट एकदम टॉप क्लास आहेत, वेव्हमेकरला जाळी आहे, सगळे आकडे फोनमध्ये ग्राफ करून ठेवलेत. दाखवले. ग्राफ माझ्यापेक्षा चांगले होते. दोघींपैकी लहान असेल ती द्याल का?

मी त्याला चहा दिला आणि विचारलं, 'तुझं अ‍ॅग्रीमेण्ट कधी संपतंय?'